ट्रकवर शिकायला जाणारा मुलगा: पगार, खुराकी, लायसन्स आणि हक्क

दहावी झाली किंवा मध्येच सुटली, की बऱ्याच घरांत एक पर्याय पुढे येतो: मामूंच्या ओळखीचा एक उस्ताद आहे, पोराला त्याच्या गाडीवर बसवू या. भिवंडीची गोदामं, मालेगावचं कापड, कळंबोलीचं लोखंड, न्हावा-शेव्याचे कंटेनर या सगळ्यांच्या आसपास राहणाऱ्या घरांना हे नवीन नाही. आमच्या शाळेतूनही दरवर्षी दोन-चार मुलं अशी जातात. पालक येऊन एकच प्रश्न विचारतात: सर, सुरुवातीला किती मिळतं?

या प्रश्नाला सरळ आकड्यात उत्तर देता येत नाही. त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: तुमचा मुलगा त्या गाडीवर कागदोपत्री कोण आहे? बहुतेक वेळा उत्तर असतं, कुणीच नाही. मालकाच्या वहीत त्याचं नाव नसतं, लायसन्स नसतं, पगार ठरलेला नसतो. तो 'शिकायला' गेलेला असतो. कमी पैसा आणि जास्त धोका, दोन्हींची सुरुवात याच शब्दापासून होते.

गाडीवर नवीन मुलाची जागा

लांब पल्ल्याच्या गाडीवर, म्हणजे ज्याला आपण 'लाईनवर जाणं' म्हणतो तिथे, नवीन मुलगा साधारण तीन प्रकारे पोहोचतो. सगळ्यात जुना रस्ता क्लिनरचा. गाडी धुणं, काच पुसणं, ताडपत्री आणि रस्सी बांधणं, टायरला हातोडी मारून हवा ओळखणं, मागे घेताना उस्तादला आवाज देणं, रात्री गाडीखाली किंवा केबिनमध्ये झोपून डिझेल आणि बॅटरी राखणं, स्टोव्हवर दोघांचं जेवण करणं. वर्ष-दोन वर्षांनी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद स्टिअरिंग हातात देतो. दुसरा रस्ता सेकंड ड्रायव्हरचा: लायसन्स आहे पण हात बसलेला नाही, म्हणून अनुभवी ड्रायव्हरसोबत जोडीदार म्हणून जायचं. तिसरा रस्ता अलीकडे जास्त दिसतो. मुलगा आधी छोटा हत्ती किंवा पिकअप चालवतो, मग सहा टायर, मग दहा-बारा टायर, शेवटी ट्रेलर.

क्लिनरची जागा आता कमी होत चालली आहे. मालकाला त्याचा खर्च परवडत नाही, मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांवर एकटा ड्रायव्हर असतो. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत असा नियम पूर्वी होता, तो २०१८ मध्ये काढून टाकला गेला. त्याने मालकांची सोय झाली, पण नवख्या माणसाने अनुभवी माणसाशेजारी बसून पगारावर शिकायची जी एक रीतसर जागा होती, तीही त्यासोबत गेली.

उस्ताद-शागिर्द पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. कसाऱ्याचा घाट किंवा खंबाटकी भरलेल्या गाडीने उतरताना कुठला गिअर ठेवायचा, ब्रेक तापल्याचा वास कसा येतो, लोड एका बाजूला सरकला तर गाडी कशी ओढते, हे शाळेच्या मैदानात कळत नाही. चांगला उस्ताद मिळाला तर मुलगा आयुष्यभर पुरेल इतकं शिकतो. अडचण एवढीच, की उस्ताद स्वतः पगारी माणूस असतो. मुलाचे पैसे देणं त्याच्या हातात नसतं, आणि मालक म्हणतो, मी कुठे त्याला ठेवला?

पैसा कसा मोजला जातो

ट्रकच्या धंद्यात 'पगार' या एका शब्दात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. घरच्यांनी त्या वेगळ्या करून विचाराव्यात.

खुराकी किंवा भत्ता हा रोजच्या जेवणाखाण्याचा पैसा. तो रस्त्यातच संपतो, त्याला कमाई समजू नये. पगार हा महिन्याचा ठरलेला. काही मालक पगार न देता ट्रिपवर देतात: एवढ्या किलोमीटरची फेरी, एवढे पैसे. काही जण पूर्ण खर्चाचा ठेका देतात. डिझेल, टोल, खाणं, रस्त्यातला किरकोळ खर्च सगळं धरून एक रक्कम हातात, त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचं. याशिवाय उचल, म्हणजे आगाऊ घेतलेला पैसा, जो पुढच्या हिशोबात कापला जातो.

क्लिनरचं उदाहरण घेऊन बघू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून नाहीत. समजा महिन्याला ७,००० रुपये पगार आणि रोज २५० खुराकी ठरली, आणि मुलगा महिन्यात २६ दिवस गाडीवर राहिला. खुराकीचे ६,५०० झाले, ते ढाब्यावर गेले. उरले ७,०००. आता तास मोजा. गाडी चालू असताना जागं राहणं, लोडिंग-अनलोडिंगला उभं राहणं, पंक्चर, राखण, सगळं मिळून दिवसाला १४ तास धरले तर महिन्याचे ३६४ तास होतात. म्हणजे तासाला साधारण १९ रुपये. घरी मात्र सांगितलं जातं, पोराला साडेतेरा हजार पडतात.

ड्रायव्हर झाल्यावरही शिकण्याची किंमत मोजावी लागते, ती वेगळ्या ठिकाणी. तिचं नाव 'ॲव्हरेज'. मालक ठरवतो, ही गाडी लिटरला ४ किलोमीटर देते. भिवंडी ते कोलकाता अंतर सुमारे २,००० किलोमीटर, म्हणजे ५०० लिटर डिझेल मंजूर. नवीन ड्रायव्हरचा पाय क्लचवर राहतो, चढावर गिअर उशिरा पडतो, गाडी ३.८ चाच ॲव्हरेज देते. मग लागतात ५२६ लिटर. वरचे २६ लिटर, ९० रुपये भावाने धरले तर २,३४० रुपये, त्याच्या हिशोबातून जातात. जुना ड्रायव्हर त्याच गाडीत डिझेल वाचवून वर कमावतो. तेव्हा नवीन मुलाने ॲव्हरेजच्या बोलीवर गाडी घेण्याआधी मालकाला सरळ म्हणावं, पहिल्या तीन-चार फेऱ्या कपात नको, माझा हात बसू द्या. समंजस मालक ऐकतात.

टायर फुटला, माल कमी भरला, पोतं भिजलं, आरसा तुटला, याचीही कपात होते. इथे कायदा स्पष्ट आहे. नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच कापता येतं, आणि कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. २०१९ च्या वेतन संहितेप्रमाणे सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाहीत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. धंद्यातली रीत वेगळी आहे हे मान्य. 'मागचा हिशोब पुढच्या फेरीला बघू' असं म्हणत महिनोन्महिने पैसे अडकवून ठेवले जातात, आणि मुलगा त्या पैशासाठी पुन्हा त्याच गाडीवर चढतो.

'शिकाऊ' म्हणजे कामगार नाही का?

या प्रश्नाचं उत्तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने देऊन ठेवलं होतं. त्यात कामगाराची व्याख्या करताना 'वेतन घेऊन किंवा न घेता' काम करणारा असे शब्द आहेत, आणि ड्रायव्हरसोबत क्लिनरचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मालकाने पैसे दिले नाहीत एवढ्यावरून मुलगा 'फक्त शिकाऊ' ठरत नाही.

याच कायद्यात कामाचे तास आहेत. दिवसाला ८, आठवड्याला ४८. लांब पल्ल्यासाठी परवानगीने वाढवता येतात, पण कुठल्याही परिस्थितीत दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ च्या वर नाहीत. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुट्टी, आठवड्यातून एक दिवस आराम, जादा तासांना दुप्पट दर. वरच्या उदाहरणातले १४ तास आता पुन्हा बघा.

हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदारांना लागू होता. आता तो व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या २०२० च्या संहितेत विलीन झाला आहे आणि तिथे मर्यादा दहा कामगारांची आहे. ज्याच्या दोन-तीन गाड्या आहेत असा मालक त्यातून सुटतो, आणि आपली बहुतेक मुलं अशाच मालकांकडे असतात. तरी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ विसरू नये. त्यात मालवाहू गाडी चालवणाऱ्या कुठल्याही माणसाचे कामाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणे असतील असं म्हटलं आहे. तिथे मालक लहान की मोठा हा प्रश्न येत नाही.

खरं सांगायचं तर रस्त्यावर हे तास कुणी मोजत नाही. व्यापाऱ्याला माल परवा सकाळी हवा असतो आणि गोदामाच्या रांगेत गेलेला दिवस ड्रायव्हरने रात्री जागून भरून काढायचा असतो. पण अपघातानंतर किंवा पैशाच्या तक्रारीत हेच तास कामाला येतात, जर कुठे लिहून ठेवले असतील तर. मुलाने खिशात एक छोटी डायरी ठेवावी. कुठून निघालो, कधी पोहोचलो, किती वेळ उभे होतो, किती पैसे मिळाले. टोलच्या पावत्या आणि बिल्टीचे फोटो मोबाईलमध्ये राहिले तरी पुरे.

लायसन्सआधी स्टिअरिंग नको

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. क्लिनर म्हणून गेलेला मुलगा मोकळ्या हायवेवर रात्री दोन वाजता गाडी चालवायला घेतो, कारण उस्तादला झोप आवरत नाही. त्याच्याकडे लायसन्स नसतं. काही झालं तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करते, मालक ड्रायव्हरकडे बोट दाखवतो आणि गुन्हा मुलावर दाखल होतो. विनालायसन्स गाडी चालवल्याचा दंड ५,००० रुपये आहे, तसं चालवू देणाऱ्या मालकालाही वेगळा दंड आहे. पण दंडाची रक्कम इथे सगळ्यात लहान गोष्ट आहे.

रीतसर वाट अशी आहे. अठरा पूर्ण झाल्यावर हलक्या मोटारीचं लायसन्स. ते हातात येऊन एक वर्ष झालं आणि वय वीस पूर्ण झालं, की ट्रान्सपोर्टचं लर्निंग लायसन्स मिळतं. सोबत डॉक्टरांचा फॉर्म १-अ आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली गेली, त्यामुळे शाळा सुटलेल्या मुलालाही दार उघडं आहे. लर्निंगवर असताना एल बोर्ड आणि शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस पाहिजे. ट्रान्सपोर्टचं पक्कं लायसन्स पाच वर्षं चालतं. पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचे टँकर चालवायचे असतील तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते.

अठरा ते वीस या दोन वर्षांत मुलाने काय करायचं, असं विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला, की हलक्या मोटारीचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतच्या वजनाची मालवाहू गाडीही चालवू शकतो, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. फक्त धोकादायक मालाच्या गाड्या त्यात येत नाहीत. पिकअपवर, शहरात, रात्री घरी परत येऊन शिकायचा रस्ता त्यामुळे बराच मोकळा झाला. माझ्या मते सोळाव्या वर्षी क्लिनर होण्यापेक्षा हा रस्ता कधीही बरा. आणि चौदाच्या आतल्या मुलाला दुसऱ्याच्या गाडीवर कामाला ठेवणं हा गुन्हाच आहे.

प्रशिक्षणाबद्दल. नुसता फॉर्म ५ विकत मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला खरंच शिकायचं आहे त्याने मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्र शोधावं. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा केंद्रात मध्यम आणि जड गाडीचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, आणि तो पास झालेल्याला आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. पुण्यात भोसरीला केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आहे, तिथेही ड्रायव्हर प्रशिक्षण चालतं. फी भरावी लागते, हे खरं. पण दोन वर्षं खुराकीवर राबण्याची किंमत आणि सहा आठवड्यांची फी एकदा शेजारी शेजारी लिहून बघावी.

रस्त्यावरचं जगणं

केबिन हेच घर. आंघोळ पेट्रोल पंपावर, संडास मिळेल तिथे. उन्हाळ्यात विदर्भातून किंवा छत्तीसगडमधून जाताना केबिनमध्ये इंजिनची गरमी आणि वरून पत्रा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, ही चांगली गोष्ट. पण नवीन मुलाच्या वाट्याला सहसा मालकाची सगळ्यात जुनी गाडी येते.

बंदरावर किंवा कारखान्यात रिकामं उभं राहण्याचा भत्ता मिळतो की नाही, हे आधी विचारावं. महाराष्ट्रात माल उतरवताना 'वाराई' मागितली जाते, ती व्यापाऱ्याने द्यायची की ड्रायव्हरच्या खिशातून जायची, यावर रोज भांडणं होतात. नवखा मुलगा घाबरून देऊन टाकतो आणि मालक हिशोबात धरत नाही. निघतानाच फोनवर मालकाकडून वदवून घेतलेलं बरं, जमल्यास व्हॉट्सॲपवर लिहून.

झोपेसाठी गोळ्या, जागं राहण्यासाठी तंबाखू-गुटखा आणि त्याहून वाईट वस्तू, हेही याच रस्त्यावर मिळतं. अम्मीला फोनवर 'सब ठीक' सांगणारा मुलगा तीन दिवस धड झोपलेला नसतो. रमजानमध्ये काही मुलं रोजा ठेवून घाट चढतात. प्रवाशाला रोजा नंतर पूर्ण करायची सवलत आहे हे घरच्या मोठ्यांनी त्यांना सांगावं. पोरं आपल्या मनाने सवलत घेत नाहीत, लाजतात.

अपघात झाला तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणं आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर जागा सोडायला कायदा अडवत नाही. तिथून थेट पोलीस ठाण्यात जावं किंवा ११२ वर फोन करावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतचं पोटकलम होतं, ज्याच्यावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम थांबवून ठेवलं गेलं.

मुलगाच जखमी झाला किंवा गेला, तर? कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई १९२३ च्या कायद्याने ड्रायव्हर आणि क्लिनर दोघांनाही मिळत आली आहे, आता ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यातही गाडीवरच्या कामगारांसाठी मालकाची ही जबाबदारी धरलेली असते. दावा अडतो तो एकाच ठिकाणी: मुलगा याच मालकाकडे कामाला होता हे सिद्ध करताना. त्याचं नाव कुठेच नसतं. म्हणून पगार, थोडा का असेना, बँकेत किंवा यूपीआयवर घ्यावा. मालकाचं नाव दिसणारी एक नोंद शंभर साक्षीदारांच्या जागी उभी राहते. ई-श्रम कार्डही काढून ठेवावं, ते फुकट आहे.

आखाताची वाट

लाईनवर चार-पाच वर्षं काढली की बऱ्याच मुलांच्या डोळ्यांसमोर सौदी किंवा कुवेतचा ट्रेलर येतो. कोकणातल्या घरांना हा रस्ता पाठ आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भारतातलं हेवी लायसन्स तिथे तसंच चालत नाही. तिथलं लायसन्स काढावं लागतं आणि ते हातात येईपर्यंत मुलगा पुन्हा 'शिकाऊ' होतो. तेवढे महिने पगार पूर्ण की अर्धा, लायसन्सचा खर्च कुणाचा, नापास झाला तर काय, हे करारात लिहिलेलं असावं. संयुक्त अरब अमिरातीत भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला २०२१ च्या कायद्यानेच मनाई आहे.

इथला एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तेही पावती देऊन. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर ईसीआर असेल तर आखाती देशांत कामाला जाण्यासाठी प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सची मंजुरी लागते, मुंबईत त्यांचं कार्यालय आहे. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. तिच्यात अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण आहे आणि हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये.

आणि पैसे देण्याआधी व्हिसावरचा पेशा वाचून घ्या. ट्रेलरचं सांगून घरगुती ड्रायव्हरच्या व्हिसावर पाठवल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. 'साइक शाहिना' लिहिलं असेल तर ट्रक ड्रायव्हर, 'साइक खास' असेल तर घरगुती. उर्दू वाचता येणारी घरातली शाळकरी मुलगीसुद्धा ही दोन अरबी अक्षरांतली नावं ओळखू शकते.